उशिरा केलेला अर्ज



दहावी-बारावीचे निकाल लागले, पेढे वाटून झाले, वर्तमानपत्रांतील गुणवंतांची छायाचित्रे जुनी झाली, की कित्येक घरांतून एक निराळीच चर्चा सुरू होते, आणि तीही हळू आवाजात. ‘आमच्याकडून अर्ज भरावयाचा राहिला, आता काय करावे?’ कोणाचे मूल एका विषयात अडकलेले असते. कोणी वैद्यकीयच्या आशेवर दुसरीकडे अर्जच केलेला नसतो. कोणाच्या घरी नेमके त्याच पंधरवड्यात दुखणे येते. आणि कोणी, स्पष्टच बोलावयाचे तर, निव्वळ आळस केलेला असतो. कारण काहीही असो, या सर्व मंडळींचा समज एकच असतो, की तारीख गेली म्हणजे वर्ष गेले. हा समज अर्धा खोटा आहे व अर्धा खरा आहे. दुर्दैव असे, की लोक त्यातील खोट्या भागावर विश्वास ठेवतात आणि खऱ्या भागाकडे दुर्लक्ष करतात. हे दोन भाग वेगळे करून दाखवावेत, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

महाविद्यालयांविषयी बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. मी आयुष्यभर मास्तरकी केली, पण माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, आणि त्याचे कारण आजच्या विषयातच आहे. १९७७ साली मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो. वडील आजारी, पेरणीचे दिवस. त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला घेऊन तालुक्याच्या महाविद्यालयात अकरावीसाठी पोहोचावयास जुलैचा तिसरा आठवडा उजाडला. खिडकीतील कारकुनाने मान वर न करता सांगितले, ‘तारीख संपली.’ मी नमस्कार करून परत फिरलो. पुढच्या वर्षी अध्यापक विद्यालयात जागा मिळाली व माझे आयुष्य त्या वाटेने गेले. त्याबद्दल मला खेद नाही. पण बऱ्याच वर्षांनी कळले, की त्याच महाविद्यालयात त्यानंतरही प्राचार्यांच्या परवानगीने व विलंबशुल्क भरून काही मुले घेतली गेली होती. कारकून खोटे बोलला नव्हता. तारीख खरोखरच संपली होती. तारीख संपल्यावर पुढे काय असते, हे मी विचारले नाही व त्याने सांगितले नाही, इतकेच.

आता समजाचा खोटा भाग प्रथम पाहू. प्रवेशाच्या हंगामात जागा भरतात त्याचप्रमाणे त्या रिकाम्याही होतात. एस. टी.च्या स्थानकावर गाडी लागली, की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. कदाचित आपणही त्यांतलेच असू. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, गाडी भरली. पण रुमालवाल्यांपैकी काहींना मागाहून दुसरी, अधिक सोयीची गाडी मिळते व ते आपला रुमाल उचलून चालते होतात. बी.एस्सी.च्या वर्गाचे नेमके असेच होते. जूनमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी कित्येकांचे डोळे अभियांत्रिकीकडे, औषधनिर्माणशास्त्राकडे किंवा वैद्यकीयकडे लागलेले असतात. त्या अभ्यासक्रमांच्या फेऱ्या मागाहून होतात आणि वैद्यकीयच्या तर पावसाळा संपत आला तरी संपत नाहीत. प्रत्येक फेरीबरोबर कोणीतरी वर सरकतो व खाली एक जागा मोकळी होते. नामांकित महाविद्यालयाच्या पहिल्या यादीतील शेवटचे गुण पाहून जो हताश होतो, त्याने दुसरी व तिसरी यादी पाहण्याचे कष्ट घेतले तर पुष्कळदा तो आकडा खाली आलेला दिसतो.

अकरावीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण महाराष्ट्रासाठी एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला. त्यापूर्वी ती पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा काही महानगरांच्या क्षेत्रांपुरतीच होती. त्या वर्षी मार्चच्या परीक्षेत दहावी उत्तीर्ण झालेले नियमित विद्यार्थी सुमारे साडेचौदा लाख होते, आणि अकरावीच्या जागा होत्या वीस लाखांहून अधिक. नियमित फेऱ्या संपल्यावर ‘सर्वांसाठी खुली’ अशी आणखी एक फेरी ठेवण्यात आली. शिवाय व्यवस्थापनाच्या, संस्थांतर्गत व अल्पसंख्याक कोट्यांतील ज्या जागा भरत नाहीत, त्या महाविद्यालये सामान्य फेऱ्यांकडे परत करू शकतात. तात्पर्य, जागा नाही असे होत नाही. आपल्याला हव्या त्या रस्त्यावरील हव्या त्या इमारतीत ती नसेल, हे मात्र शक्य आहे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगावीशी वाटते. २०२५ च्या नियमांप्रमाणे पसंतिक्रमातील पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले आणि ते घेतले नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांत त्या विद्यार्थ्याला स्थान मिळत नसे. पुष्कळ पालक शेजाऱ्याचे ऐकून पहिल्या क्रमांकावर भलतेच नाव लिहितात, आणि तेच मिळाले म्हणजे रडत बसतात. वेळेवर अर्ज करून उशीर ओढवून घेण्याचा हा प्रकार आहे.

आता समजाचा खरा भाग. याच्याविषयी मी अधिक विस्ताराने बोलणार आहे, कारण नुकसान येथे होते.

रांगेत शेवटी उभे राहणे आणि रांगेच्या बाहेर उभे राहणे, यांत फार मोठा फरक आहे. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. त्यासाठी नोंदणी करून कागदपत्रे तपासून घ्यावयाची एक मुदत असते. त्या मुदतीत ज्याने नाव नोंदविले, त्याला गुण कमी असले तरी तो रांगेत आहे. शेवटच्या फेरीपर्यंत त्याचा विचार होतो. मुदतीनंतर ज्याने नोंदविले, त्याचा अर्ज घेतला जातो खरा, परंतु तो केंद्रीभूत फेऱ्यांसाठी नव्हे. तो केवळ संस्थास्तरावरील व उरलेल्या जागांसाठी गणला जातो. पावती दोघांनाही मिळते, म्हणून घरातील मंडळी निश्चिंत होतात. पावतीवरील तो एक लहानसा शेरा कोणी वाचीत नाही.

त्या शेऱ्याची किंमत काय, हे एका उदाहरणाने सांगतो. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने असा निर्णय केला, की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणे माफ असावे. निर्णय उत्तम आहे. मात्र त्यात एक अट आहे: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेणाऱ्या मुलीला ही माफी नाही. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर, सारख्याच उत्पन्नाच्या घरातील दोन मुली बसल्या आहेत. दोघींचे गुणही जवळजवळ सारखे. एकीने नोंदणी मुदतीच्या आत केली, दुसरीने चार दिवसांनी केली. पहिलीचे शिक्षणशुल्क शासन भरते आहे. दुसरीचे वडील भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढीत आहेत, आणि तेही एक वर्ष नव्हे, चार वर्षे. राजर्षी शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्तीलाही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हीच अट आहे. जागा मिळाली या आनंदात हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो आणि ऑक्टोबरात, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, उत्तर कळते.

दाखल्यांचेही तसेच आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, जातवैधता, अधिवास हे कागद निकालानंतर काढावयास निघाल्यास सेतू केंद्रापुढील गर्दीतच पंधरा दिवस जातात. नॉन-क्रिमीलेअरवर तर ३१ मार्चपर्यंतची मुदत लिहिलेली असते. ती न पाहता गतवर्षीचे प्रमाणपत्र घेऊन येणारे सुशिक्षित गृहस्थ मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत दोघे स्वतः शासकीय नोकरीत होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत पदवीच्या प्रथम वर्षासाठी महाविद्यालयाच्या अर्जाखेरीज विद्यापीठाची स्वतंत्र प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी सक्तीची असते. तिच्यावाचून महाविद्यालयाची इच्छा असली तरी त्याला हात बांधलेले असतात. म्हणून माझे सांगणे असे, की आशा कोठेही असो, नोंदणी मात्र सर्वत्र करून ठेवावी. नोंदणी करणे म्हणजे प्रवेश घेणे नव्हे.

‘पण एकीकडे पैसे भरले आणि मागाहून दुसरीकडे मिळाले तर?’ हा प्रश्न रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शुल्कपरतीचे नियम केले. त्यांप्रमाणे प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस वा अधिक आधी प्रवेश रद्द केल्यास, किरकोळ कपात सोडून, सर्व शुल्क परत मिळावयास हवे; त्यानंतर ते उतरत जाते, आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले म्हणजे काही मिळत नाही. २०२४-२५ साठी आयोगाने अधिक उदार सवलत दिली होती: ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार रुपयांची कपात. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही, हेही आयोगाने बजाविले आहे. चालू वर्षाच्या तारखा आयोगाच्या परिपत्रकात पाहाव्यात व रद्द करण्याचा अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणाच्याही लक्षात राहत नाही.

उशिरा प्रवेश घेणाऱ्या मुलाला एक गैरसोय मात्र सोसावीच लागते. सत्रपद्धतीत वर्ग चार महिन्यांत संपतो. जो पाच-सहा आठवडे मागाहून येतो त्याची हजेरी कमी भरते, अंतर्गत मूल्यमापनातील एखादी चाचणी होऊन गेलेली असते, वसतिगृहाच्या खोल्या वाटून झालेल्या असतात. येथे मुलाला एकटे सोडू नये. पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांना भेटून प्रवेशाची तारीख कळवावी, म्हणजे हजेरी त्या तारखेपासून कशी धरतात ते समजते. आणि वर्गातील एखाद्या मुलीची वही मिळवावी. मुलांच्या वह्या, चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, बहुधा अपुऱ्याच असतात.

सर्व फेऱ्या खरोखरच संपल्या तर? इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, प्रवेश होतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच विद्यार्थ्यांची सोय करीत आले आहे. जून २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने इतर विद्यापीठांसही जानेवारी-फेब्रुवारीत दुसरा प्रवेश देण्याची मोकळीक दिली. तथापि ती ऐच्छिक आहे, तेव्हा आपल्या विद्यापीठात विचारल्यावाचून तिच्यावर विसंबू नये.

काही दिवसांपूर्वी शेजारच्या एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा बारावीला एका विषयात राहिला होता व पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झाला होता. पूर्वी ही परीक्षा ऑक्टोबरात होई आणि वर्ष खरोखरच जाई. आता ती जून-जुलैत होते ती वर्ष वाचावे म्हणूनच. परंतु निकाल हाती असूनही त्यांनी मुलाला मामाच्या दुकानात बसवावयाचे ठरविले होते. कारण दोन महाविद्यालयांत ‘प्रवेश आहे का?’ असे विचारले आणि ‘नाही’ असे उत्तर आले. मी म्हटले, ताई, असे विचारले म्हणजे तसेच उत्तर येते. आता कोणती फेरी चालू आहे, रिकाम्या जागांची यादी कोठे लावली आहे, आणि या मार्गाने प्रवेश घेतल्यास शिष्यवृत्ती लागू होईल का, असे विचारा. त्यांनी गुणपत्रिकेच्या झेरॉक्सच्या पाठीवर तिन्ही प्रश्न लिहून घेतले. तिसऱ्या दिवशी, चौथ्या महाविद्यालयाच्या खिडकीवर, वाणिज्य शाखेत जागा मिळाली. घरापासून दोन बस बदलाव्या लागतात, अशी मुलाची तक्रार आहे.