लिंबूपाण्याने दारू उतरत नाही

वरातीच्या रात्री एका तरुणाला माझ्याकडे आणले. लिंबूपाणी पाजून, डोक्यावर पाणी ओतून मित्रांनी त्याला उताणे निजवले होते. उलटी श्वासनलिकेत गेली. थोडक्यात वाचला.

वाचकहो, दारूचा निचरा यकृत करते, तासाला साधारण एक लहान पेग. लिंबू, कॉफी, आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. बेशुद्ध माणसाला कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, एकटे सोडू नका, तातडीने दवाखान्यात न्या.

पाजणाऱ्यांनाही सांगतो, झिंगलेल्याच्या हाती पुढचा पेला नको, गाडीची किल्ली तर नकोच. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. पाहुणा सुखरूप घरी पोचला, तरच पाहुणचार झाला.