नाही म्हणणाऱ्याची खुर्ची

१९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, ही बातमी रेडिओवर ऐकलेली माणसं महाराष्ट्रात अजून घरोघरी भेटतात. त्यांच्या बोलण्यातला त्या आरमारावरचा राग अजून निवलेला नाही. ती हकिगत ऐकताना माझ्या मनात दरवेळी एकच प्रश्न येतो: तो हुकूम सुटला तेव्हा वॉशिंग्टनमधल्या त्या खोलीत कोण बसलं होतं, आणि कोणाला बसू दिलं नव्हतं?

ती खोली १९४७ मधली. २६ जुलैला हॅरी ट्रुमन यांनी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यावर सही केली आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषद जन्माला आली. पण मंत्र्यांची ही समिती आपल्या डोक्यावर बसेल, अशी धास्ती खुद्द ट्रुमन यांनाच होती. सुरुवातीला ते बैठकांना फारसे फिरकत नसत; १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं तेव्हा कुठे नियमित बसू लागले. त्यांच्यानंतरचे आयझेनहॉवर हाडाचे सेनानी. १९५३ मध्ये त्यांनी सुरक्षाविषयक खास साहाय्यकाचं पद निर्माण केलं आणि त्यावर बोस्टनचे बँकर रॉबर्ट कटलर यांना नेमलं. त्याच वर्षी ‘सोलेरियम’ नावाचा एक प्रयोग झाला. सोव्हिएत संघाशी कसं वागावं याच्या तीन वेगळ्या वाटा, तीन वेगळे गट. प्रत्येकाने आपलीच बाजू हिरिरीने मांडायची आणि अध्यक्षांनी समोर बसून ऐकायचं. एका गटाचं नेतृत्व जॉर्ज केनन यांच्याकडे होतं. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी ज्यांना नवं पद दिलं नव्हतं, त्याच माणसाला अध्यक्षांनी बोलावून घेतलं होतं. मला आयझेनहॉवर यांचा मोठेपणा इथे दिसतो.

केनेडींना हा सगळा बैठकांचा पसारा जड वाटला. आल्याआल्या त्यांनी तो मोडीत काढला. हार्वर्डचे डीन मॅकजॉर्ज बंडी सुरक्षा सल्लागार झाले आणि कारभार आटोपशीर, हुशार माणसांच्या गप्पांसारखा चालू लागला. तीन महिन्यांत त्याची किंमत मोजावी लागली. १७ एप्रिल १९६१ ला सीआयएने तयार केलेले सुमारे १,४०० निर्वासित क्यूबन ‘बे ऑफ पिग्ज’च्या किनाऱ्यावर उतरले, तीन दिवसांत शंभरावर मारले गेले, अकराशेवर पकडले गेले. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर तेव्हा केनेडींच्या पदरी होते. योजना चुकीची आहे असं त्यांनी टिपणात लिहून दिलं होतं, पण भर बैठकीत ते गप्प बसले. त्या गप्प बसण्याची खंत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली.

केनेडी यातून शिकले. १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रं हाती आली, तेव्हा पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचा कल हवाई हल्ल्याकडे होता. तेरा दिवस वाद झाले. लोकांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून काही बैठकांना केनेडी मुद्दाम गेले नाहीत. २७ तारखेचा शनिवार सर्वांत वाईट होता. तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं हटवल्याशिवाय सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह मागे सरणार नाहीत, असं केनेडी म्हणू लागले. तेव्हा लेवेलिन थॉम्पसन यांनी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं की, मला तसं वाटत नाही. थॉम्पसन मॉस्कोत राजदूत होते, ख्रुश्चेव्ह यांना ते घरगुती ओळखीतून जाणत. क्यूबावर हल्ला न करण्याचं वचन तेवढं मिळालं तरी तो माणूस आपल्या लोकांना विजय म्हणून दाखवील, असा त्यांचा होरा होता. उत्तर त्याच सुरात गेलं. तुर्कस्तानचा सौदाही झाला, पण गुपचूप. रॉबर्ट केनेडींनी तो सोव्हिएत राजदूताच्या कानावर घातला आणि मोजक्या सात-आठ जणांपलीकडे कोणाला कळू दिला नाही.

त्या मोजक्यांत उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन नव्हते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ताठ उभं राहिलं की समोरचा वाकतो, एवढाच धडा त्यांच्या हाती लागला. देवाणघेवाण त्यांना दिसलीच नाही. वर्षभराने ते अध्यक्ष झाले आणि व्हिएतनामचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. निर्णय मंगळवारच्या जेवणावर होऊ लागले. परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री, सल्लागार एवढीच पंगत. बॉम्बफेकीची ठिकाणंसुद्धा तिथेच ठरत. विरोध करणारा एक होता. उपपरराष्ट्रमंत्री जॉर्ज बॉल यांनी १९६४ च्या ऑक्टोबरात ६७ पानी टिपण लिहून हे युद्ध जिंकता येणार नाही, असं बजावलं. ते जॉन्सन यांच्यापर्यंत पोहोचायला पुढचं वर्ष उजाडलं. बॉल यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाई, पण विरोधकाची भूमिका त्यांनी करायची हे जणू ठरूनच गेलेलं. त्यामुळे कोणाचं मत हलत नसे. जुलै १९६५ मध्ये व्हिएतनाममधल्या सैनिकांची संख्या ७५ हजारांवरून सव्वा लाखावर न्यायचं ठरलं. १९६८ मध्ये ती पाच लाखांपुढे गेली.

निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांच्या काळात खोली आणखी आक्रसली. महत्त्वाच्या समित्यांचं अध्यक्षपद किसिंजर यांनी स्वतःकडे घेतलं. चीनशी बोलणी पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांच्या मध्यस्थीने चालली होती आणि परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांनाच त्यांचा पत्ता नव्हता. याच वेळी, २५ मार्च १९७१ च्या रात्री, ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कत्तल सुरू झाली. अमेरिकेचे तिथले महावाणिज्यदूत आर्चर ब्लड रोज तारा पाठवत होते. ६ एप्रिलला तिथल्या वीस अमेरिकनांच्या सह्यांची तार गेली: आपल्या सरकारचं धोरण नीतीच्या दृष्टीने दिवाळखोर आहे, असा तिचा आशय. ब्लड यांनी त्या तारेला आपला पाठिंबा जोडला. काही आठवड्यांत त्यांना ढाक्यातून हलवण्यात आलं. त्या जुलैत किसिंजर पाकिस्तानात आजारपणाचं सोंग करून बीजिंगला जाऊन आले. इकडे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात येत होते. डिसेंबरात युद्ध पेटलं आणि अध्यक्षांचा कल पाकिस्तानकडे आहे हे किसिंजर यांनी बंद दाराआड अधिकाऱ्यांना बजावलं. पत्रकार जॅक अँडरसन यांनी ती टिपणं मिळवून छापली, म्हणून जगाला कळलं. त्या खोलीत ढाक्याहून बोलणारा कोणी उरला नव्हता. आरमार निघालं ते तिथून.

१९७३ मध्ये किसिंजर परराष्ट्रमंत्री झाले, तरी सल्लागारपद त्यांनी दोन वर्षं सोडलं नाही. एकाच माणसाच्या बुडाखाली या दोन्ही खुर्च्या पुन्हा यायला २०२५ चा मे महिना उजाडावा लागला. या वेळी माणूस होता मार्को रुबियो. मधल्या काळात कार्टर यांनी इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेची लष्करी मोहीम परराष्ट्रमंत्री व्हान्स रजेवर असताना ठरवली. व्हान्स यांनी राजीनामा दिला. रेगन यांचे आठ वर्षांत सहा सल्लागार झाले आणि त्यांच्या कार्यालयातून इराणला शस्त्रं विकण्याचा उद्योग चालला. त्याची चौकशी करणाऱ्या तिघांत ब्रेंट स्कोक्रॉफ्ट होते.

पुढे थोरल्या बुश यांनी १९८९ मध्ये त्यांनाच सल्लागार नेमलं. स्कोक्रॉफ्ट यांनी मंत्र्यांची एक आणि उपमंत्र्यांची एक अशी समित्यांची घडी बसवली, जी पुढच्या अध्यक्षांनीही वापरली. प्रत्येक खात्याचं म्हणणं आपल्या मतासकट, पण आपल्या मताआड न दडवता अध्यक्षांपुढे ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या हाताखाली सोव्हिएत विषय सांभाळणाऱ्या तरुण कॉन्डोलीझा राईस २००१ मध्ये धाकट्या बुश यांच्या सल्लागार झाल्या.

१५ ऑगस्ट २००२ ला स्कोक्रॉफ्ट यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लेख लिहून इराकवर हल्ला करू नका, असं सांगितलं. थोरल्या बुश यांचा जिवलग मित्र आणि राईस यांचा एकेकाळचा वरिष्ठ. जी खोली त्यांनी घडवली होती, तिच्यातल्या लोकांशी त्यांना वर्तमानपत्रातून बोलावं लागलं. सात महिन्यांनी, २० मार्च २००३ च्या पहाटे, बगदादवर पहिली क्षेपणास्त्रं पडली.