शास्त्रीजी ‘दे’ नव्हेत, ‘ही’! इंग्रजी सर्वनामांत मराठी माणूस कुठे अडकतो?

वाईचा घाट ‘तो’, कृष्णा नदी ‘ती’, ढोल्या गणपतीचं मंदिर ‘ते’. मराठीत निर्जीव वस्तूलाही लिंग असतं. मग रीलच्या इंग्रजी कॅप्शनमध्ये घाट ‘ही’ होतो, नदी ‘शी’. इंग्रजीत तिघांनाही ‘इट’च. (कवितेत नदी ‘शी’ असते, पण कॅप्शन म्हणजे कविता नव्हे!)

आदरार्थी ‘ते’ जास्त फसवतं. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. ‘ते वाईत राहत’ असं आपण म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘दे’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल माणसं अनेक होती. ‘ही’ लिहा, त्यात अनादर नाही.

महागात पडते ती मुलाखतीतली पहिलीच ओळ: ‘मायसेल्फ स्नेहा’. ‘मायसेल्फ’ म्हणजे ‘मी स्वतः’ किंवा ‘स्वतःला’. ते ‘मी’चं सभ्य रूप नव्हे. सरळ ‘आय अ‍ॅम स्नेहा’ म्हणा.

आणि इंग्रजी ‘मी’चा उच्चार आपल्या ‘मी’सारखा असला, तरी अर्थ आहे ‘मला’. ‘रोहन अँड मी वेंट टू मेणवली’ लिहिताना शंका आली, तर रोहनला वाक्यातून काढा. ‘मी वेंट’ लगेच खटकेल. तिथे ‘आय’ हवा.