आधी ताट, मग शिवार

वर्धा शहरातल्या मगनवाडीत जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि तिथली इमारत गांधीजींच्या स्वाधीन केली, आणि डिसेंबर १९३४ मध्ये तिथं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. संघाचे मंत्री होते जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे, लंडनमध्ये हिशेबनिशी शिकलेले, मुंबईत चार्टर्ड अकाउंटंट म्हणून व्यवसाय केलेले, पुढं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले गृहस्थ. खेड्यातल्या घाणी, दळणाची जाती, मधमाश्या, कागद या सगळ्यांकडे त्यांनी हिशेबनिसाच्याच नजरेनं पाहिलं. गाडी कुठं तोट्यात चालली आहे, हे त्यांना आकड्यांतून शोधायचं असे.

मगनवाडीच्या स्वयंपाकघरात त्या काळी जे चालायचं त्याला आजच्या भाषेत 'उपयोजित संशोधन' म्हणता येईल. हातसडीचा तांदूळ, हातजात्यावरचं पीठ, बैलघाणीचं तेल, कच्चा पाला, चिंच, गूळ असं सगळं आश्रमवासीयांच्या पानात वाढलं जाई आणि वजनकाट्यावर त्याचा परिणाम पाहिला जाई. आश्रमातली मंडळी या प्रयोगांना थोडी वैतागलेलीही असणार. १९३५ साली गांधीजींनी तिथं सोयाबीन शिजवायला लावलं आणि त्याबद्दल 'हरिजन'मध्ये लिहिलं. गरिबाला परवडेल असं भरपूर प्रथिनांचं धान्य म्हणून त्यांना ते हवं होतं. तेव्हा वर्ध्याच्या शेतकऱ्याला सोयाबीन माहीतही नव्हतं.

आज खरिपात वर्ध्याहून आर्वी, देवळी, हिंगणघाट कुठल्याही रस्त्यानं निघा, कपाशी संपली की सोयाबीन आणि सोयाबीन संपलं की कपाशी. या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. पण तो शेतातून अडत्याकडे जातो, तिथून तेलगिरणीत. तेल निघालं की प्रथिनं उरतात ती पेंडीत, आणि पेंड जाते कोंबड्यांना किंवा परदेशी. जिथं पिकतं तिथल्या ताटात येतं ते पिशवीतलं रिफाइंड तेल आणि कधीमधी पाकिटातल्या सोयावड्या. गांधीजींचं पीक वर्ध्यात आलं खरं, फक्त स्वयंपाकघराला वळसा घालून गेलं.

या वळशाचं उत्तर कुमारप्पांनी आधीच मांडून ठेवलं होतं. १९४२ च्या चळवळीनंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथं लिहिलेलं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' १९४५ मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनेसह बाहेर आलं. त्यात एक तक्ता आहे. एक लाख लोकवस्तीचा प्रदेश धरायचा. माणसाला रोज काय लागतं ते आधी लिहायचं : धान्य सोळा औंस, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, डाळ दोन औंस, गूळ दोन औंस, दूध बारा औंस, भाजी आठ औंस, शिवाय बटाटे, फळं, तेल, तूप, शेंगदाण्यासारखी तेलबी आणि वर्षाला साडेबारा पौंड कापूस. मग उत्पन्नाच्या मानानं प्रत्येकाला किती एकर लागतील ते काढायचं. जवळजवळ दोन तृतीयांश जमीन धान्याला जाते, कापसाला दहाव्या हिश्श्याच्या थोडी वर. माणशी पाऊण एकराच्या आत सगळं बसतं. सरकारनं कुठल्या जमिनीत काय पेरायचं याचे परवाने द्यावेत, इथपर्यंत कुमारप्पा गेले. ते कुणालाच रुचलं नाही, आणि मलाही रुचत नाही. पण तक्त्याची सुरुवात जमिनीपासून न करता ताटापासून करायची, ही त्यातली उलटी चाल विसरण्यासारखी नाही. आपलं कृषी संशोधन पुढची पन्नास वर्षं एकरी उत्पादनापासून सुरू झालं आणि बहुतेक तिथंच थांबलं.

त्याच वर्धा जिल्ह्यात २०१३ च्या सुमारास हा प्रश्न पुन्हा आला, या वेळी चेन्नईहून. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठाननं 'पोषणासाठी शेतीपद्धती' ही कल्पना तपासायला दोन ठिकाणं निवडली : ओडिशातलं आदिवासी, भातनाचणीचं कोरापुट आणि विदर्भातलं कोरडवाहू, कपाशीचं वर्धा. कोरापुटात सात गावं, वर्ध्यात पाच. ब्रिटिश सरकारच्या मदतीनं दक्षिण आशियात चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचा हा भाग होता. पद्धत अशी की आधी घरोघर जाऊन लोक काय खातात ते नोंदवायचं, मुलांची आणि बायांची वजनं-उंची घ्यायची, ताटात कशाची उणीव आहे ते काढायचं, आणि मग त्या उणिवेप्रमाणे शेतात, परसात आणि गोठ्यात बदल सुचवायचे. कोरापुटात नाचणी, नारिंगी गराचं रताळं आणि मत्स्यतळी आली. वर्ध्यात ज्वारी, गहू आणि तुरीचे सुधारित वाण, पोषणबागा आणि आहाराबद्दलचं शिक्षण.

नाव न घेता हा कुमारप्पांचाच तक्ता होता. फरक इतकाच की या वेळी तो गावात जाऊन भरला गेला. भाज्यांचं उत्पादन वाढलं, ताटात त्या जास्त वेळा येऊ लागल्या. हे यश खरंच आहे. पण पाच गावांतली कपाशी-सोयाबीन आपल्या जागी राहिली, आणि बदल मुख्यतः परसापुरता झाला.

परसबागेचं हे असंच होतं, आणि त्याबद्दल संशोधन आता पुरेसं स्पष्ट बोलतं. २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक आढावा आला, शेतीतून पोषण सुधारण्याच्या तेवीस अभ्यासांचा. लोक त्या भाज्या, ती अंडी, ते मासे जास्त खातात, हे बहुतेक ठिकाणी दिसलं. मुलांची वाढ सुधारल्याचा पुरावा मात्र फारसा हाती लागला नाही. ओडिशाच्याच केंदुझर जिल्ह्यात पुढं एक मोठा आणि नीट आखलेला प्रयोग झाला. बचत गटांतल्या बायांना शेतीचे आणि आहाराचे गावातच चित्रित केलेले व्हिडिओ दाखवायचे, त्यावर चर्चा घडवायची. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांच्या आणि आयांच्या आहारातली विविधता वाढली. मुलांचा वाळकेपणा आणि आयांचं वजन यांत फरक पडला नाही. असं छापून सांगायला धैर्य लागतं. आपल्याकडच्या कित्येक योजनांचे अहवाल लाभार्थींच्या संख्येवर संपतात.

दुसरा रस्ता बियाण्यातून जातो. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत बाजरीच्या एका प्रचलित वाणातून निवड करून लोह जास्त असलेला 'धनशक्ती' वाण तयार झाला आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्रातल्याच बारा ते सोळा वयाच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने या बाजरीची किंवा साध्या बाजरीची भाकरी दिली गेली. चार महिन्यांतच शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात लोह मुळात कमी होतं त्यांना फायदा जास्त झाला. इथं जमीन बदलावी लागत नाही, सवय बदलावी लागत नाही, भाकरी तीच. म्हणूनच संशोधकांना आणि कंपन्यांना हा रस्ता आवडतो. पण त्यासाठी आधी भाकरी बाजरीची हवी. वर्ध्यात ती कधीच नव्हती, तिथं होती ज्वारीची, आणि आता तीही गेली.

ज्वारी कशी गेली हे समजून घेतल्याशिवाय या भागातल्या पोषणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून जास्त ज्वारी होती. आज त्याचा तिसरा हिस्साही नाही. विदर्भातली खरीप ज्वारी तर जवळजवळ पुसली गेली. कारणं सरळ आहेत. भाव नाही. काढणीच्या वेळी पाऊस आला की कणसं काळी पडतात. पाखरं राखायला घरात पोरं नाहीत, ती शाळेत आहेत, आणि तिथंच असायला हवीत. रानडुकरं आणि रोही रात्रीत शेत लोळवतात. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, आता फुकट मिळतो. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघतं आणि हातात रोख येते, शाळेची फी आणि दवाखान्याचं बिल ज्वारीत देता येत नाही. शेतकऱ्यानं जे केलं ते शहाणपणानं केलं.

पण ज्वारी एकटी गेली नाही. तिच्याबरोबर कडबा गेला. कडबा गेल्यावर जनावरं गेली. वर्धा जिल्हा हा गवळाऊ गायीचा मुलूख. तिची दावण रिकामी होत गेली तशी घरातलं दूध चहापुरतं उरलं. ज्वारी-कपाशीच्या तासांमध्ये आणि धुऱ्यावर मूग, उडीद, बरबटी, तीळ, अंबाडी पेरायची पद्धत होती. ती बाईची पेरणी असायची, तिचा हिशेब कुणी मागत नसे आणि त्यातून घरची डाळ-भाजी निघे. आता तणनाशक मारतात. निंदणाची मजुरी वाचते, पण त्याच फवाऱ्यात बरबटीही जळते आणि पावसाळ्यात फुकट मिळणारा तरोटा, घोळ, चिवळही. कृषी खात्याच्या कुठल्याही तक्त्यात हे नुकसान नोंदलं जात नाही, कारण ही पिकं तक्त्यात कधी नव्हतीच.

दरम्यान राज्याचे आकडे पाहा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं उंचीनं खुरटलेली, २५.६ टक्के वाळलेली. आधीच्या पाहणीतही वाळलेल्यांचं प्रमाण हेच, २५.६. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय. याला एकटी शेती जबाबदार नाही; पाणी, संडास, लवकर लग्न, आईचं वजन, दवाखान्याचं अंतर या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. शेतीच्या प्रयोगांतून आहार सुधारूनही मुलांची वाढ हलत नाही, त्याचं एक कारण हेच.

बदल परसाबाहेर न्यायचा तर बाईच्या हाती जमीन हवी. हा जमिनीचा प्रश्न उचलला तो शेतकरी चळवळीनं आणि बायांनी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून देण्याची मोहीम. १९९१ मध्ये चतुरंग शेतीचा कार्यक्रम आला. त्यातली सीताशेती म्हणजे त्या तुकड्यावर बाईनं आपल्या अकलेनं, बाहेरून काही न आणता केलेली शेती. भावासाठी भांडणाऱ्या संघटनेनं घरच्या ताटाची शेती वेगळी काढावी, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते. पुढं मराठवाड्यात, किल्लारीच्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगानं हाच धागा वेगळ्या रीतीनं पकडला. बाईनं घरच्या जमिनीतला एक एकर किंवा अर्धा एकर मागून घ्यायचा, त्यात धान्य, डाळी, भाज्या मिळून पुष्कळ पिकं घ्यायची, आधी घरात खायचं आणि उरलेलं विकायचं. उस्मानाबाद, लातूर, सोलापूर भागात हजारो बायांनी ते केलं. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. परसातल्या चार वाफ्यांपेक्षा अर्धा एकर ही वेगळी गोष्ट आहे. पहिलं कुणी विचारत नाही, दुसऱ्यासाठी घरात बोलणी करावी लागतात.

कुमारप्पांचा तक्ता आजच्या आकड्यांनी मांडून पाहता येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेलं ताट घेऊ : दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर. हजार वस्तीचं गाव धरू. वर्षाला धान्य लागतं ९१२ क्विंटल. एकरी आठ क्विंटल ज्वारी धरली तर ११४ एकर. डाळ ३१० क्विंटल. तुरीचा भरडा काढला की ७० टक्के डाळ पडते आणि कोरडवाहू तूर एकरी चार क्विंटल, म्हणजे १११ एकर. भाज्या १४६ टन, एकरी सहा टनांनी सुमारे २४ एकर. तिन्ही मिळून अडीचशे एकरांच्या आत. वर्धा जिल्ह्यात खेड्यातल्या माणसामागे सरासरी एकरभर पिकाची जमीन आहे. म्हणजे हजार एकरांतले साडेसातशे तेलबियांना, फळांना, चाऱ्याला, कपाशीला आणि सोयाबीनला मोकळे राहतात. नगदी पीक की घरचं ताट, हा वाद आकड्यांत तरी उभा राहत नाही.

तो उभा राहतो दुसरीकडे. सरासरी एकर भूमिहीनाच्या वाट्याला येत नाही, आणि सगळ्यात कमी वजनाची मुलं पुष्कळदा त्याच घरांत असतात. दूध रोज तीनशे लिटर म्हणजे तीन लिटरनं शंभर दुभती जनावरं, भाकड आणि वासरं वेगळीच. ज्वारी आली तर त्यांचा कडबा येतो, नाही तर नाही. आणि ते भाजीचे चोवीस एकर आकड्यानं सर्वांत लहान असले तरी मिळवायला सर्वांत अवघड आहेत. भाजीला पाणी हवं ते मार्च ते मेमध्येही. त्या महिन्यांत पाणी असणाऱ्या विहिरी गावात मोजक्या असतात, आणि त्या कुणाच्या शेतात आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.