बाजारबुणग्यांनी वाचवलेली फौज

बेंगळुरूच्या के. आर. मार्केटला फुलं घ्यायला गेलात, तर एक दिवस पिशवी हातात घेऊनच थोडं पुढे चाला. बसचे हॉर्न, हमालांची आरडाओरड, व्हिक्टोरिया हॉस्पिटलची गर्दी आणि मध्येच एक काळसर दगडी भिंत दिसेल. हा बेंगळुरूच्या किल्ल्याचा उरलेला तुकडा. दिल्ली दरवाजा म्हणतात त्याला. २१ मार्च १७९१च्या रात्री इंग्रज फौज तट फोडून इथून आत शिरली, असं सांगणारी पाटीही भिंतीवर आहे.

या लढाईची तारीख, सेनापती, कोण पडलं, कोण जिंकलं हे सगळं पुस्तकांत सापडतं. मला मात्र ती भिंत पाहिली की एकच प्रश्न पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ही सगळी माणसं आणि त्यांचे बैल काय खाऊन पुढे निघाले असतील?

हसू नका. त्या वर्षी युद्धाचा निकाल दोनदा याच प्रश्नाने ठरवला. आणि त्यात आपल्या मराठी फौजेचा वाटा असा आहे, की अभिमान वाटावा आणि मानही खाली जावी.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. १७९० साली पुण्याचा पेशवा दरबार, हैदराबादचा निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र आले. कंपनीच्या फौजेचा मुख्य लॉर्ड कॉर्नवॉलिस. हो, तोच. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत यॉर्कटाउनला जॉर्ज वॉशिंग्टनपुढे शरण गेलेला. ५ मार्च १७९१ला तो बेंगळुरूसमोर आला आणि ७ तारखेला त्याने पेठ घेतली. अक्किपेट म्हणजे तांदळाची पेठ, अरळेपेट म्हणजे कापसाची, रागीपेटचं तर सांगायलाच नको. आज आपण रिक्षावाल्याशी हुज्जत घालत ज्या गल्ल्यांतून जातो, त्याच या पेठा. तिथे धान्य आणि वैरण हाती लागली, म्हणून फौज तगली. पण किल्ला पडेपर्यंत बैल हाडकुळे झाले होते.

बैल म्हणजे त्या काळचं इंजिन. किल्ल्याचा तट फोडणारी एकेक मोठी तोफ ओढायला बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपायच्या आणि चिखलात चाक रुतलं की मागून हत्तीने डोकं लावायचं. टिपूकडे याच कामासाठी खास पैदास केलेले अमृतमहाल जातीचे चपळ बैल होते. कॉर्नवॉलिसकडे भाड्याने मिळतील ते.

मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणकडे निघाला. सरळ रस्ता टिपूने अडवलेला, म्हणून दक्षिणेकडून कनकपुऱ्याच्या वाटेने. टिपूने वाटेतली गावं रिकामी करून वैरण जाळून टाकली होती. वळीव कोसळत होता. १५ मे रोजी अरिकेरेला लढाई झाली आणि ती कॉर्नवॉलिसने जिंकलीसुद्धा. राजधानी समोर दिसत होती, पण तोफा ओढायला बैल उरले नव्हते. शिपायांनी दोर खांद्यावर घेऊन त्या कशाबशा कन्नंबाडीपर्यंत ओढत नेल्या. आज तिथे कृष्णराजसागर धरण आहे. वृंदावन गार्डनची कारंजी पाहायला आपण सहकुटुंब जातो ना, तोच परिसर. २२ मे रोजी कॉर्नवॉलिसने आपल्याच मोठ्या तोफा आपल्याच हाताने निकामी करून टाकल्या. छावणीत उपासमार, त्यात देवीची साथ. लढाई जिंकलेली फौज माघारी वळली.

२६ मे रोजी ही मोडकी फौज मेलुकोट्याच्या दिशेने चालत असताना बाजूने घोडेस्वार दिसले. टिपूचेच असणार, म्हणून गोळ्या झाडायची तयारी झाली. तेवढ्यात कळलं की ही मराठ्यांची बिनी आहे, म्हणजे आघाडीची तुकडी. मागून परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके आपापल्या फौजा घेऊन येत होते. इतकी मोठी फौज इतक्या जवळ आली तरी कॉर्नवॉलिसला पत्ता नव्हता, कारण दोन्हीकडचे जासूद टिपूच्या हलक्या घोडदळाने वाटेतच पकडले होते. चार दिवस आधी निरोप पोचला असता तर त्या तोफा वाचल्या असत्या.

आणि मग इंग्रजांनी मराठ्यांचा बाजार पाहिला.

मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. सराफ उघड्यावर पाट मांडून बसलेले, त्यांच्यापुढे देशोदेशीची नाणी. धान्य, मसाले, मेंढ्या, कोंबड्या. काश्मिरी शाली आणि बर्मिंगहॅमचे चाकू एकाच रांगेत. चामडं कमावणारे कारागीरसुद्धा छावणीबरोबर फिरत. उपाशी इंग्रज शिपायांना डोळ्यांवर विश्वास बसेना. भाव मात्र असे लावले होते, की कुणी ‘मित्रफौज’ म्हणून सवलत दिली असेल असं वाटत नाही. आपला व्यापारी रणांगणावरही व्यापारीच असतो!

मराठीत आपण कामाच्या नसलेल्या माणसांना तुच्छतेने ‘बाजारबुणगे’ म्हणतो. मूळ शब्द फौजेतला. लढणारे पुढे, आणि मागे वाणी, सराफ, लोहार, खिदमतगार, बायकामुलं यांचा पसारा, तो बाजार आणि बुणगे. पानिपतावर याच पसाऱ्याने घात केला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात तथ्यही आहे. पण पानिपतानंतर बरोबर तीस वर्षांनी, म्हैसूरच्या मुलखात, याच बाजारबुणग्यांनी एक अख्खी फौज उपासमारीतून बाहेर काढली.

हे जमलं कसं? मराठी फौजेची रचनाच तशी होती. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं तो शिलेदार. ज्याला ते सरकारातून मिळे तो बारगीर. प्रत्येक सरदाराचं वेगळं पथक, त्या पथकाचा वेगळा गोट, वेगळा हिशेब. मोठी मोहीम असली की पेशव्यांचा जरीपटका घेऊन जाणाऱ्या सेनापतीभोवती ही पथकं जमत. मध्यवर्ती कोठार असं जवळजवळ नव्हतंच. शिपाई पगारातून विकत घेई आणि खाई. त्यामुळे जिथे फौज तिथे गिऱ्हाईक, आणि जिथे गिऱ्हाईक तिथे बाजार. सरकारने बैल मोजायची गरजच नव्हती. नफ्याच्या ओढीने वाणी आणि लमाणांचे तांडे आपोआप मागे येत. लमाण तर दोन्ही बाजूंना धान्य विकत.

आता दुसरी बाजूही ऐका. हीच परशुरामभाऊंची फौज आदल्या सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती. सोबत असलेल्या इंग्रज तुकडीतल्या एडवर्ड मूर नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मराठी तोफखान्याची पद्धत लिहिली आहे: तोफ भरायची, मग सगळ्यांनी बसून विडी-तंबाखू आणि गप्पा, अर्ध्या तासाने बार काढायचा, धूळ भरपूर उडाली की समाधान मानायचं. दुपारी तर दोन्हीकडून सुट्टी! थोडा इंग्रजी खोचकपणा वजा केला, तरी सहा महिन्यांहून लांबलेला वेढा खोटा नाही. म्हणजे एका फौजेकडे तोफा होत्या पण भाकरी नव्हती, दुसरीकडे भाकरी होती पण तोफा धड नव्हत्या.

सगळ्यात अवघड भाग अजून सांगायचाच आहे. बाजारात माल येई तो सगळाच विकत घेतलेला नसे. विल्क्सने त्या दुकानांत खेड्यातल्या गरीब मुलीच्या कानातले लुटीचे चांदीचे दागिनेही पाहिले. फौजेबरोबर पेंढारी असत. त्यांना पगार नसे, लूट हाच रोजगार. त्याच १७९१ साली परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेच्या मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना करायला मदत पाठवली ती टिपूने. शृंगेरीच्या स्वामींना त्याने लिहिलेली कन्नड पत्रं १९१६ साली मठात सापडली. आपण बेंगळुरूची मराठी कुटुंबं सुट्टीत शृंगेरीला जातो, शारदेपुढे मुलांची अक्षरं गिरवून घेतो. तिथे उभं असताना हे ठाऊक असलेलं बरं, असं मला वाटतं. ज्या व्यवस्थेत कोठार नव्हतं, तिचं बिल कुणीतरी भरत होतं, आणि ते बहुतेक वेळा वाटेवरच्या गावकऱ्याने भरलेलं असे.

हाच पेच पंधरा वर्षांनी युरोपातल्या एका नामांकित फौजेलाही पडला. प्रशियाची फौज कवायतीत जगात पहिली मानली जाई. तिचं सगळं आधी भरून ठेवलेल्या कोठारांवर आणि भट्टीत भाजलेल्या पावावर चाले. मागे तंबूंचा आणि अधिकाऱ्यांच्या सामानाचा लांबलचक ताफा. नेपोलियनची माणसं मात्र मिळेल ते खात झपाझप चालायची. १४ ऑक्टोबर १८०६ला येना आणि आउअरश्टेट इथे एकाच दिवसात प्रशियाचं कंबरडं मोडलं. मग शार्नहॉर्स्ट आणि ग्नाइझेनाउ यांनी फौज नव्याने बांधली. १८१५मध्ये ब्ल्यूशरच्या हाताखाली चार कोअर होते, प्रत्येकात साधारण तीस हजार माणसं, चार ब्रिगेड आणि स्वतःचं घोडदळ व तोफखाना. म्हणजे प्रत्येक कोअर ही एक छोटी पूर्ण फौजच. वेगवेगळ्या वाटांनी चालायचं, म्हणजे एकाच रस्त्यावरची गावं ओरबाडली जात नाहीत. आणि लढायला एकत्र यायचं. आपल्या पथकांसारखंच वाटतं ना? फरक असा, की तिथे प्रत्येक कोअरच्या सेनापतीशेजारी नकाशे आणि हुकूम सांभाळणारा प्रशिक्षित अधिकारी बसे, आणि सगळ्या कोअरना एकच धनी होता. आपल्याकडे हरिपंत आणि परशुरामभाऊ दोघे मोठे. पुण्याहून येणारी पत्रं दोघांनाही. ती पत्रं मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली आहेत. चाळली तर दिसतं, की तलवारीइतकाच मजकूर पैशांचा आहे.

पैशांवरून आठवलं. मराठी सेनापतींनी कॉर्नवॉलिसकडे मोठं कर्ज मागितलं, आणि त्याने मद्रासला चीनच्या व्यापारासाठी ठेवलेली चांदी त्यासाठी वळवली. बाजार आपोआप चालतो खरा, पण शिपायाच्या हातात पगार असेल तरच.

कॉर्नवॉलिस बेंगळुरूला परतला तो धडा घेऊन. पुढच्या खेपेला त्याने लमाणांचे तांडे आधी बांधून घेतले, धान्य आधी साठवलं, आणि फेब्रुवारी १७९२मध्ये श्रीरंगपट्टणवर पुन्हा चाल केली. या वेळी टिपूला तह करावा लागला. अर्धं राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये.

१७९९मध्ये टिपू पडल्यावर त्याचे अमृतमहाल बैल इंग्रजांच्या हाती आले. म्हैसूरच्या मुलखात तेव्हा आर्थर वेलस्ली नावाचा एक कर्नल होता, जो तोफांपेक्षा बैलांची आणि तांदळाची चौकशी जास्त करी. १८०३च्या वसंतात तो इथूनच पुण्याकडे निघाला. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, आणि २३ सप्टेंबरला असईच्या मैदानात शिंद्यांच्या कवायती कंपूंशी त्याची गाठ पडली. त्या कंपूंचा सेनापती होता पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. शिंद्यांच्या तोफा या वेळी उत्तम होत्या. इतक्या, की वेलस्लीला तो विजय फार महाग पडला. पण इतक्या लांबवर त्याची फौज उपाशी न राहता पोचली, ती म्हैसूरच्या बैलांवर आणि लमाणांच्या तांड्यांवर.

ते अमृतमहाल बैल पाहायचे असतील, तर चिकमगळूर जिल्ह्यात अज्जंपूरला सरकारी केंद्र आहे. शिंगं लांब, मागे वळलेली, आणि स्वभाव तापट. जरा लांबूनच पाहा.