स्फटिकाला थारा कोण देतं?

निरोगी माणसाच्या लघवीतही सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी कॅल्शियम ऑक्झलेटचे चिमुकले स्फटिक दिसतात. त्या माणसाला मूतखडा झालेला नसतो आणि पुढे होईलच असंही नसतं. बहुसंख्य मूतखडे मात्र याच क्षाराचे असतात. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांच्या लघवीत हा क्षार विरघळू शकेल त्याहून जास्तच असतो. मग खडा काहींनाच का होतो?

1978 मध्ये अमेरिकेतल्या फिनलेसन आणि रीड यांनी एक साधा हिशेब मांडला. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतून द्रव काही मिनिटांत पुढे सरकतो. तेवढ्या अवधीत सुटा स्फटिक नलिकेत अडकण्याइतका वाढूच शकत नाही, तेव्हा त्याला कुठंतरी चिकटून राहावं लागत असणार. 1994 मध्ये कोक आणि खान यांनी हा हिशेब पुन्हा तपासला. अनेक स्फटिक एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला, तर तो वाटेत अडकू शकतो असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन्ही हिशेबांत कळीची गोष्ट चिकटण्याचीच होती.

ते कसं घडतं हे पाहण्यासाठी मूत्रपिंडाच्या पेशी काचपात्रात वाढवण्यात आल्या. शिकागोत लिस्के आणि टोबॅक यांनी माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर स्फटिक सोडले, तेव्हा ते काही सेकंदांत पेशींना धरून बसले आणि काही तर पेशींनी आत ओढून घेतले. स्फटिकाच्या पृष्ठभागावरचं धनभारित कॅल्शियम आणि पेशीच्या आवरणावरचे ऋणभारित रेणू यांच्या ओढीतून ही पकड तयार होते. सायट्रेटसारखे ऋणभारित रेणू आधीच स्फटिकावर जाऊन बसले, तर पेशीला धरायला जागा उरत नाही. लघवीत सायट्रेट असतंच. शिवाय युरोमॉड्युलिनसारखी प्रथिनंही स्फटिकांना आवर घालतात.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला व्हेर्कूलेन यांच्या गटाला याहून मोलाची गोष्ट दिसली. त्यांनी वापरलेल्या पेशींचा थर पूर्ण वाढलेला आणि अखंड असला, की स्फटिक त्यावर टिकत नसत. थराला ओरखडा काढला, की जखम भरायला सरसावलेल्या पेशींवर ते जमत. दुरुस्तीच्या काळात या पेशींच्या पृष्ठभागावर हायलुरोनन हा चिकट, ऋणभारित पदार्थ येतो आणि तोच स्फटिकांना थारा देतो. जखम भरून आली, की हा थारा नाहीसा होतो. ऑक्झलेटचा मारा मुळात पेशींना इजा करतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे. म्हणजे जो स्फटिक जखम करतो, त्याच जखमेत त्याला जागा मिळते.

माणसाच्या मूत्रपिंडात मात्र आणखी एक वाट आहे. फिलाडेल्फियाचे अलेक्झांडर रँडल यांनी शवविच्छेदनात हजाराहून अधिक मूत्रपिंडं तपासली आणि 1937 मध्ये निष्कर्ष छापले. मूत्रपिंडातून लघवी जिथे बाहेर झिरपते त्या टोकांवर, अस्तराखाली, त्यांना कॅल्शियमचे पांढुरके चट्टे आढळले. काही चट्ट्यांवर बारीक खडे चिकटलेलेच होते. 2003 मध्ये इव्हान, लिंगमन आणि को यांच्या गटाने रुग्णांच्या ऊतींचे नमुने तपासले, तेव्हा या चट्ट्यांचा उगम हेन्लेच्या बारीक नलिकांच्या तळपटलात, म्हणजे पेशींच्या मागच्या बाजूला, सापडला. हे चट्टे कॅल्शियम फॉस्फेटचे असतात. ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसं वरचं अस्तर निघालं, की चट्टा लघवीत उघडा पडतो आणि त्यावर ऑक्झलेटचे थर चढू लागतात. लठ्ठपणासाठी आतड्याची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत मात्र चट्टे नव्हते. त्यांच्या नलिकांच्या आतच स्फटिक पेशींना चिकटलेले दिसले. खडा एकाच नावाने ओळखला जात असला, तरी त्याचे रस्ते वेगवेगळे आहेत.

यातून रोजच्या जेवणासाठी काय निघतं? मूतखडा झाला की दूध-दही बंद करायचं, ही समजूत घरोघरी आहे. 2002 मध्ये इटलीतल्या बोर्गी यांनी 120 पुरुषांवर पाच वर्षं केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅल्शियम तोडलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. पुरेसं कॅल्शियम, पण कमी मीठ आणि कमी मांसाहार घेणाऱ्या 60 जणांत हा आकडा 12 होता. अन्नातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधतं आणि ते शौचावाटे निघून जातं. म्हणून पालकाची भाजी किंवा अळूचं फदफदं पानात असेल, तर सोबत वाटीभर दही असणं शहाणपणाचं. लिंबूपाण्यातून सायट्रेट मिळतं. त्यात मीठ मात्र बेताचंच घालावं, कारण जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं.

पाण्याला पर्याय नाही. 1996 च्या बोर्गी यांच्याच अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, इतरांत हे प्रमाण 27 टक्के होतं. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि पडलेला खडा फेकून देऊ नये, तपासायला द्यावा. तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय पुढचा खडा कसा टाळायचा हे नीट ठरवता येत नाही.