विश्लेषण : महायुद्धातील लढाऊ विमाने आजही उडतात, ती कोणत्या पुस्तकांच्या आधारावर?

दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर, मस्टँग यांसारखी लढाऊ विमाने युरोप-अमेरिकेतील हवाई प्रदर्शनांत आजही झेपावतात. त्यांचा आराखडा करणारे अभियंते हयात नाहीत आणि त्यांची उत्पादन साखळी कधीच थांबली. मग दुरुस्ती करायची कशी आणि विमान उडवायचे कोणत्या मर्यादेत? उत्तर युद्धकाळातील तांत्रिक पुस्तकांत दडले आहे.

ही पुस्तके नेमकी कोणती?

ब्रिटनमध्ये हवाई मंत्रालय ‘एअर पब्लिकेशन’ या नावाने क्रमांक दिलेली पुस्तके काढत असे. स्पिटफायरच्या मालिकेचा क्रमांक १५६५. त्यात वैमानिकासाठीची छोटी ‘पायलट्स नोट्स’ होती. इंजिन सुरू करण्यापासून विमान उतरवण्यापर्यंतच्या सूचना आणि वेग, दाब, तापमानाच्या मर्यादा तिच्यात असत. तंत्रज्ञांसाठी देखभाल, दुरुस्ती आणि सुट्या भागांची जाडजूड पुस्तके वेगळी. कारखान्यातील मूळ रेखाचित्रे मात्र या पुस्तकांत नसत. ती हजारोंच्या संख्येने स्वतंत्र ठेवली जात.

योग्य आवृत्ती इतकी महत्त्वाची का?

युद्धात विमान सतत बदलत होते. स्पिटफायरचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. त्यानंतर तिची २० हजारांहून अधिक विमाने अनेक ‘मार्क’मध्ये, म्हणजे सुधारित रूपांत तयार झाली. पुस्तकांसाठी दुरुस्तीपत्रके येत. ती जुन्या पानांवर चिकटवावी लागत किंवा पानेच बदलावी लागत.

मर्लिन इंजिनाचे उदाहरण घ्या. सुरुवातीला ८७ ऑक्टेनच्या इंधनावर या इंजिनात हवा भरण्याचा जादा दाब (बूस्ट) चौरस इंचाला सव्वासहा पौंडांपर्यंतच ठेवण्याची मुभा होती. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचे इंधन आल्यावर आणीबाणीत थोड्या वेळासाठी ही मर्यादा १२ पौंडांवर गेली. तेच इंजिन सुमारे १,०३० ऐवजी १,३०० अश्वशक्ती देऊ लागले. त्यामुळे नुसता आकडा पाहून चालत नाही. तो कोणत्या इंधनासाठी, कोणत्या इंजिनासाठी आणि किती मिनिटांसाठी आहे, हे कळले नाही तर इंजिन हवेतच निकामी होऊ शकते.

समोर विमान असताना कागद कशाला?

कारण सगळेच डोळ्यांना दिसत नाही. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य कणा एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा आहे. पंखाच्या टोकाकडे जाताना आतील नळ्या एकेक करून संपतात. कोणती नळी कुठे संपते, धातू कोणता, जाडी किती, हे बाहेरून मोजता येत नाही. त्यासाठी रेखाचित्रच लागते. ब्रिटनमध्ये अशा विमानाला नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडून ‘परमिट टू फ्लाय’ घ्यावे लागते. काम कशाच्या आधारे केले, हे तिथे कागदोपत्री दाखवावे लागते.

कागद हरवले तर?

‘मॉस्किटो’ या लाकडी विमानाबाबत हे थोडक्यात टळले. लाकूड आणि गोंद टिकत नसल्याने मूळ विमाने फारच थोडी उरली. २०१७ मध्ये ब्रॉटन येथील एअरबसच्या कारखान्यातील एक जुनी इमारत पाडण्यात येणार होती. त्याआधी काही दिवस तिथे मॉस्किटोची २० हजारांहून अधिक रेखाचित्रे सूक्ष्मपटाच्या स्वरूपात सापडली. विमान पुन्हा उडवण्यासाठी झटणाऱ्या ‘द पीपल्स मॉस्किटो’ या संस्थेला ती देण्यात आली. इमारत आधी पडली असती तर हे ज्ञान ढिगाऱ्यात गेले असते.

भारताशी काय संबंध?

भारतीय हवाई दलाने ब्रह्मदेश आघाडीवर हरिकेन आणि स्पिटफायर उडवली. त्या काळची विमाने दिल्लीत पालम येथील संग्रहालयात पाहता येतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतात पडून असलेली काही स्पिटफायर ब्रिटनला नेण्यात आली. दुरुस्तीनंतर त्यातील काही पुन्हा आकाशात झेपावली.

हौशी वाचकाने काय पाहावे?

पुनर्मुद्रित पायलट्स नोट्स आज सहज मिळतात. घेताना मार्क, आवृत्ती आणि दुरुस्तीपत्रकाचा क्रमांक पाहावा. एखाद्या विशिष्ट विमानाचा प्रवास शोधायचा असेल तर मॉर्गन आणि शॅकलेडी यांच्या ‘स्पिटफायर : द हिस्ट्री’सारखा ग्रंथ उपयोगी पडतो. मात्र संशोधकाने लिहिलेला इतिहास आणि तंत्रज्ञासाठी छापलेली सूचना यांत गल्लत नको. पहिल्यातील चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. दुसऱ्यातील चूक वैमानिकाच्या जिवावर बेतू शकते.